चांगुणाबाईचा कान आणि तीन पंख्यांचं कार्ड

पौडात चांगुणाबाईला न ओळखणारा माणूस एकतर कालच भाड्याने राहायला आलेला असतो, नाहीतर भांडण टळावं म्हणून ओळख नसल्याचं सोंग घेतलेला असतो. बाई चौथी शिकलेली. पण कचेरीत अर्ज दिला की पोचेवर शिक्का पडल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, हे अख्ख्या वस्तीला तिनेच शिकवलं. तोंड फाटकं, डोकं तापट, आणि माघार हा शब्द तिच्या चौथीच्या पुस्तकात नव्हताच. एवढं असून तिला अभिमान कशाचा? तर कानाचा.

तो कान तिने कमावला उरवड्याला. ब्लोअर बनवणाऱ्या एका कारखान्यात तेवीस वर्षं ती बॅलन्सिंगच्या टेबलावर होती. ब्लोअरचं चाक म्हणजे पात्यांचा गोल पिंजरा. तो फिरवायचा, कुठल्या अंगाला जड आहे ते ओळखायचं, हलक्या अंगाला लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, ठिपका लावायचा, पुन्हा फिरवायचा. पुढे कंपनीने त्यासाठी मशीन आणलं. पडद्यावर आकडा यायचा. पण आकडा यायच्या आधीच चांगुणाबाई बोलून मोकळी व्हायची, आणि आकडा मागाहून येऊन तिच्या बोलण्याला मान डोलवायचा. साहेबलोक पाहुण्यांना मुद्दाम तिच्या टेबलापाशी आणायचे, बाजारात जातिवंत खोंड दाखवावा तसे. हातमोजे मिळाले, टोपी मिळाली, दिवाळीला मिठाईचा डबा मिळाला. कानात घालायला काही मिळालं नाही. तिनेही मागितलं नाही. ज्या कानाने काम करायचं त्याच्यात बोळे कोण घालील?

कारखाना सुटून दोन वर्षं झाली होती. पावसाळ्यातला, आश्विन पौर्णिमेला संपणारा वर्षावास चालू होता. रोज संध्याकाळी पाच-साडेपाचला वस्तीतल्या बाया विहारात ग्रंथवाचनाला बसायच्या. दिवसभर त्याच सभागृहात अभ्यासिका असे. पोलीस भरती, तलाठी, बँक अशा परीक्षांची वीसेक पोरं-पोरी तिथं माना खाली घालून बसत. आणि सभागृहाला लागून, प्लायवूडच्या आडोशापलीकडे पुस्तकांची खोली. त्या खोलीत त्या वर्षी एक जनावर येऊन बसलं होतं.

ते जनावर नम्रताचं. नम्रता चांगुणाबाईच्या भावाची मुलगी, तेवीस वर्षांची. अजून न बांधलेल्या इमारतींची हलती चित्रं करायची, हा तिचा धंदा. दार उघडतं, आपण आत शिरतो, जिना चढतो, खिडकीतून ऊन आत आलेलं असतं, आणि इमारत मात्र अजून कागदावरच. त्यासाठी संगणकात चित्र काढणारा एक वेगळा भाग लागतो, ग्राफिक्स कार्ड. नम्रताने हिंजवडीच्या एका गेम खेळणाऱ्या पोराकडून वापरलेलं घेतलं होतं. दीड वीत लांब, विटेएवढं जाड, पोटाला तीन पंखे. भावाचं घर पत्र्याचं. एप्रिलात त्या पत्र्याखाली कार्ड तापून आपलं आपण बंद पडायचं. म्हणून विहार कमिटीने पुस्तकांच्या खोलीतला कोपरा दिला. बदल्यात नम्रताने वस्तीतल्या मुलांना संगणक शिकवायचा.

सौदा चांगला होता, पण कार्ड गुरगुरायला लागलं. आधी भुणभुण, मग घरघर. पोरं कुरकुरली. कमिटीचे अध्यक्ष साहेबराव, एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर, सज्जन माणूस. त्यांनी घरचं जुनं लाकडी कपाट आणून दिलं, संगणक आत ठेवला आणि दार लावून घेतलं. पाच मिनिटं शांतता. दहाव्या मिनिटाला आतून गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज यायला लागला. साहेबरावांनी दाराला गोधडी लावली. आवाज आणखी वाढला. शेवटी कमिटीत ठरलं, की आश्विन पौर्णिमेपर्यंत मशीन गप्प झालं तर ठीक, नाहीतर त्याने विहारातून जायचं. आणि विहारातून गेलं तर त्याला जायला जागा नव्हती. पत्र्याखाली ते चालत नाही, आणि ते चाललं नाही तर नम्रताचा धंदा बसला. नम्रताच्या वाटचं बोलायला तिची आत्या होतीच.

पण त्या दिवशी आत्या बोलली नाही, आणि हे साहेबरावांना जास्त धोक्याचं वाटलं. तिला राग आला होता, पण त्याहून मोठं कुतूहल डोक्यात शिरलं होतं. दार लावलं की आवाज कमी व्हायला हवा. वाढतो का?

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने बुद्धमूर्तीसमोरची एक उदबत्ती उचलली, कपाटाचं दार फटीएवढं उघडलं आणि उदबत्ती आत धरून उकिडवी बसली. नम्रताला काम सुरू करायला सांगितलं. धूर सरळ वर जाईना. संगणकाच्या मागून निघालेला वारा धुराला ढकलत भिंतीला घेऊन गेला, भिंतीने त्याला वर लोटलं, आणि तोच धूर वरून वळून पुन्हा पुढच्या जाळीतून आत शिरला. चांगुणाबाईने तीन वेळा उदबत्ती हलवून पाहिली. तिन्ही वेळा तेच.

"आगं, ह्ये आपलीच वाफ गिळतंया," ती म्हणाली. "गोधडीत तोंड घालून पळायला लावलंय तुमी त्याला. धाप लागंल न्हाय तर काय?"

नम्रताने मग पडद्यावर आकडे दाखवले. कार्ड किती तापलंय, पंखे मिनिटाला किती फिरतायत. कार्ड तापलं की ते स्वतःच पंख्यांना जोरात फिरवतं. म्हणजे साहेबरावांनी दार लावून आवाज कोंडला नव्हता, उष्णता कोंडली होती, आणि उष्णतेने आवाज वाढवला होता. कपाट त्याच दिवशी बाहेर गेलं. साहेबराव दोन दिवस चांगुणाबाईशी बोलले नाहीत. कपाट सागाचं होतं.

कपाट गेलं, गिरणी थांबली, पण एक लय राहिली. घुर्र, घुर्र, घुर्र. ती लय चांगुणाबाईला ओळखीची होती. रविवारी तिने विहाराच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि कार्ड खोलायला लावलं. नम्रताचा जीव मुठीत. आत पौडच्या रस्त्याची लाल धूळ कार्ड गार ठेवणाऱ्या पातळ पत्र्यांच्या फटीत लोकरीच्या नमद्यासारखी बसली होती. चिपेची उष्णता पत्र्यांना पोचवणारा लेप वाळून पानाच्या चुन्यासारखा कडक झाला होता. नम्रताने तो खरवडून नवा लावला. धूळ जुन्या दाढीच्या ब्रशने काढली. चांगुणाबाईला त्यात रस नव्हता. ती पंखे बोटाने फिरवत बसली होती. पहिला ठीक, तिसरा ठीक, मधला अडखळत होता. तिने त्याच्या मध्यावर चिकटवलेला कागद सोलून तिथं शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडला. मग तो सरळ फिरला, पण थांबताना मागे-पुढे झोके घेऊन थांबला.

"जड हाय एकीकडं," ती म्हणाली, आणि पात्यांवरून नख फिरवत गेली. अकरा पाती. सातव्याचं टोक तांदळाच्या कणीएवढं उडालेलं.

इथं मात्र ती तीस वर्षांची झाली. इलेक्ट्रिकच्या चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा कापला, सातव्या पात्याच्या पाठीला लावला, फिरवला, डोळे मिटले. तुकडा काढला, निम्मा केला, पुन्हा लावला. पुन्हा डोळे मिटले. नम्रता सांगते, आत्या तेव्हा ओठ हलवत होती, जणू पंख्याशीच काही बोलणं चाललं होतं. चौथ्या खेपेला पंखा कुठेही थांबवला तरी तिथंच राहायला लागला. कार्ड जोडलं, काम सुरू केलं. नुसता मऊ वारा वाहिल्यासारखा आवाज उरला. पुस्तकाचं पान उलटलेलं ऐकू यावं एवढी शांतता.

चांगुणाबाईने ही गोष्ट वस्तीत स्वतःच सांगितली, घरटी एकदा. बॅलन्सिंगच्या मशीनला जे जमलं नसतं ते कसं केलं, हे सांगताना चिकटपट्टीचा तुकडा दर घरी थोडा बारीक होत गेला.

तिसऱ्या दिवशी बुद्धभूषण आला. अभ्यासिकेतला सगळ्यात जुना विद्यार्थी, सव्वीस वर्षांचा, तीन परीक्षा हुकलेला. पोरगा नम्र, पण चिकट. म्हणाला, "आत्या, आवाज हाय अजून."

कसला आवाज, ते त्याला धड सांगता येईना. बारीक, उंच, कानात सुई घातल्यागत. बाकीची पोरंही म्हणतात. पंख्यांच्या घरघरीखाली तो दबला होता, आता उघडा पडलाय. चांगुणाबाई आत गेली, कार्डाजवळ कान नेला, मिनिटभर थांबली. वारा. बाकी काही नाही.

मग तिचा भडका उडाला. पुस्तकांच्या खोलीतला तो कोपरा बुद्धभूषणने वर्षापूर्वी स्वतःच्या टेबलासाठी मागितला होता, आणि कमिटीने तो नम्रताला दिला होता. एवढं चांगुणाबाईला पुरलं. तिने त्याला सगळ्यांसमोर ऐकवलं, की तेवीस वर्षं ह्या कानाने कंपनीचे इंजिनेर गप्प केलेत, तू मला आवाज शिकवतोस काय, जागा पाहिजे तर तोंडाने माग, मशीनच्या आडून कशाला. बुद्धभूषण म्हणाला, ऐकू येतंया त्ये सांगितलं, पौर्णिमेला कमिटीतबी त्येच सांगीन.

पौर्णिमेला बारा दिवस होते.

खोटं बोलणाऱ्याला पकडायचं कसं, हे चांगुणाबाईला कुणी शिकवायला नको. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाचन संपलं तसं तिने बुद्धभूषणला मूर्तीकडे तोंड करून, मशीनकडे पाठ करून बसवलं. नम्रताला आत संगणकावर बसवलं. नम्रताने आदल्या रात्री शोधून ठेवलं होतं, की इमारतीचं चित्र पडद्यावर मोकळं सोडलं की म्हणे तो आवाज येतो, बंद केलं की जातो. पंख्यांचा वेग तेवढ्या चार क्षणांत बदलत नाही, म्हणजे पंख्यावरून ओळखता येणार नाही. चांगुणाबाई आडोशाच्या टोकाला उभी राहिली. तिने बोट वर केलं की नम्रताने सोडायचं, मूठ केली की बंद. बुद्धभूषणने ऐकू आलं की हात वर करायचा.

बोट वर. हात वर. मूठ. हात खाली. ती मुद्दाम लांबवत होती, मुद्दाम लगेच फिरवत होती. दहा वेळा केलं. दहाही वेळा हात बरोबर.

तिला वाटलं, पडद्याचा उजेड मूर्तीपुढच्या काचेत दिसत असणार. पडद्यावर चादर टाकली. पुन्हा दहा. पुन्हा दहाही बरोबर. तिने दुसरी पोरगी बसवली, मग तिसरा पोरगा. कुणाचे नऊ, कुणाचे दहा.

चांगुणाबाईने पदर खोचला, स्वतः जाऊन मूर्तीपुढे बसली आणि बुद्धभूषणला म्हणाली, "आता तू बोट कर."

तिने फार लक्ष देऊन ऐकलं. कारखान्यात ऐकायची तसं, श्वास अडवून. एकदा वाटलं आला, हात वर केला. एकदा वाटलं गेला, खाली केला. दहा झाल्यावर तिने मागे वळून पाहिलं. नम्रता आडोशाबाहेर येऊन मान खाली घालून उभी होती. दहात चार. छापा-काटा केला असता तरी याहून बरं निघालं असतं.

"कसा हाय त्यो आवाज?" तिने विचारलं. या वेळी खरंच विचारलं.

बुद्धभूषणने विचार केला. "रातकिड्यागत, आत्या. एका सुरात, बारीक. बाहेर वरडतायत तसाच."

"बाहेर कुटं वरडतायत?"

पोरं एकमेकांकडे पाहायला लागली. कारण दाराबाहेर, ओढ्याच्या अंगाला, दिवेलागणीला रातकिड्यांनी इतका गजर मांडला होता की साधं बोलायचं तरी आवाज चढवावा लागत होता.

इथं एक मागची गोष्ट सांगायला हवी. दोन वर्षांपूर्वीच्या ग्रामसभेत चांगुणाबाईने धरणाकडच्या बंगल्यांच्या दिव्यांविरुद्ध भाषण केलं होतं. रात्रभर झगझगाट, त्याने रानातला जीव पळाला. पुरावा काय, तर रातकिडे. आपल्या लहानपणी कानठळ्या बसायच्या, आज एक रातकिडा ऐकू येत नाही, असं ती म्हणाली होती. तिच्या वयाच्या, तिच्याच कंपनीत राबलेल्या चार बायांनी उभं राहून साक्ष दिली होती, व्हय, न्हाई येत ऐकू. टाळ्या पडल्या होत्या. बाकीच्यांना रातकिडे ऐकू येत होते, पण चांगुणाबाई एवढी ठासून बोलतेय म्हणजे पूर्वी याहून जास्त असतील, असं समजून ते गप्प बसले होते.

ती उठून दारात गेली. ओढ्याकडे तोंड करून उभी राहिली. नम्रता शेजारी येऊन थांबली.

"वरडतायत?"

"हो आत्या."

"लई?"

"लई."

चांगुणाबाईने बराच वेळ काळोख्या झाडीकडे पाहिलं. तिथं तिच्यापुरती शांतता होती. रडणं-बिडणं तिच्या स्वभावात नाही. शेवटी तिने जे विचारलं ते ऐकून नम्रता चकित झाली. तिने विचारलं, "पर त्या कार्डात रातकिडा कुटं बसलाय?"

मग दोघी त्याच्या मागे लागल्या. नम्रताने माहिती काढली. कार्डावर तांब्याच्या तारेची छोटी छोटी वेटोळी असतात, चौकोनी डबीत बंद. त्यांतून वीज सेकंदाला हजारो वेळा कमी-जास्त होत जाते, आणि तार डबीतल्या डबीत थरथरते. ते थरथरणं म्हणजे तो आवाज. चांगुणाबाईला हे एका वाक्यात कळलं. मोटारीचं वाइंडिंग सैल राहिलं की गुणगुणतं, म्हणून तर त्याला वॉर्निश पाजतात. तिने लगेच वॉर्निश कुठं मिळेल ते विचारलं. नम्रताने कार्ड दोन्ही हातांनी छातीशी धरलं. डबी बाहेरून बंद असते, वॉर्निश आत जाणार नाही, आणि पंख्यांत गेलं तर संपलंच, हे आत्याला पटवायला एक अख्खी दुपार गेली.

पण एक प्रश्न आत्याने सोडला नाही. काम चालू असताना आवाज कमी, आणि काहीच काम नसताना, नुसतं रिकामं चित्र समोर असताना सगळ्यात मोठा, असं बुद्धभूषण सांगत होता. हे उलटं कसं? बसलेला माणूस धापा टाकतो काय?

नम्रताने आकडा लावून पाहिला आणि स्वतःच हसली. चित्र रिकामं, म्हणून काढायला सोपं, म्हणून कार्ड तेच चित्र सेकंदाला नऊशे वेळा काढत होतं. पडदा दाखवू शकतो साठ. उरलेली आठशे चाळीस चित्रं कुणीच पाहत नव्हतं.

"सुटलेली मोटार," चांगुणाबाई म्हणाली. "पट्टा तुटल्यावर पळती तशी. बांध तिला."

नम्रताने तिला साठावर बांधलं. खऱ्या कामाच्या वेळी कार्ड जेवढी वीज ओढायचं त्यातला पाचवा हिस्सा कमी केला. काम थोडं उशिरा होतं, पण पंखेही आणखी हळू झाले. आणि आवाज गेला की नाही, हे चांगुणाबाईने ठरवलं नाही. तिने बुद्धभूषणला खुर्चीसकट मशीनपाशी बसवलं आणि ऐकू येईना म्हणेपर्यंत एकेक फरशी मागे सरकवत नेलं. पहिल्या दिवशी अकरा फरशा. आठव्या दिवशी तीन. प्लायवूडचा आडोसा तिसऱ्या फरशीच्या पलीकडे होता, म्हणजे आवाज आता सभागृहात पोचत नव्हता. त्या आठ दिवसांत बुद्धभूषणने तिची माफी मागितली नाही, तिनेही त्याची मागितली नाही. फक्त चहा आणताना ती दोन कप आणायला लागली.

आश्विन पौर्णिमेला कमिटी बसली. साहेबरावांनी सगळ्यांसमोर विचारलं, चांगुणाबाई, झाला का बंद आवाज?

"मला इचारू नका," ती म्हणाली. "माझ्या कानाची वरची पट्टी कंपनीत राह्यली. ह्या पोरांना इचारा."

पोरांना विचारलं. बुद्धभूषण उभा राहिला आणि म्हणाला, जागेवर बसून ऐकू येत नाही, मशीन राहू दे. साहेबरावांनी वहीत लिहायला घेतलं, तर चांगुणाबाई अजून उभीच. म्हणाली, दुसरं एक लिहा. ग्रामसभेत रातकिडं गेलं म्हणून बोलले होते, त्ये चुकलं, रातकिडं हायेत. लाइटीबद्दल बोलले त्यातलं मात्र एक अक्षर मागं घेत न्हाई.

सभागृहात हसं पिकलं. ग्रामसभेत साक्ष दिलेल्या चार बाया मागे ओळीने बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. त्या एकमेकींना विचारत होत्या, तुला येतंय का गं ऐकू.

म्हणून त्या दिवशीच्या वहीत आणखी एक ठराव आहे, मंजूर, एकमताने. मशीन विहारात राहील, आणि दर रविवारी सकाळी अभ्यासिकेच्या सुट्टीच्या वेळात अर्धा तास त्याचं बांधलेलं सोडायचं, मुद्दाम ओरडू द्यायचं.

पहिल्या रविवारी उरवड्याच्या कारखान्यांत जाणाऱ्या सात जणी आल्या. सगळ्यात पुढे रेश्मा, एकतीस वर्षांची, नऊ वर्षं लाइनवर. चांगुणाबाईने आधीच सांगून ठेवलं होतं, ही डॉक्टरी तपासणी नाही, दहातले किती हात बरोबर एवढंच वहीत मोजायचं. जिचे चुकतील तिने कान दवाखान्यात दाखवायचा, तिथला कागद घ्यायचा, आणि मग त्या कागदासह कंपनीकडे अर्ज करायचा, शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. रेश्मा मूर्तीकडे तोंड करून बसली. आत नम्रता तयार होती.

चांगुणाबाईने बोट वर केलं. आडोशापलीकडे आवाज सुरू झाला असणार. तिला तो कळायचा मार्ग नव्हता. ती रेश्माच्या उजव्या हाताकडे पाहत राहिली.

हात मांडीवर होता. मग तो वर आला, जरा उशिराने.

चांगुणाबाईने मूठ केली, आणि दुसऱ्यांदा बोट वर करण्याआधी साहेबरावांच्या वहीत रेश्माच्या नावापुढे स्वतःच्या अक्षरात लिहिलं, एक.